मांजराचा कान सुजलाय? मग निदान या चुका तरी टाळा

मांजराचा कान फुगला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरी काय लावू?" अहो, काय लावायचं ते नंतर, आधी कान कशामुळे सुजला ते तर बघा. कानाची सूज हा स्वतंत्र आजार नसतोच, बहुतेक वेळा आत कानात काहीतरी बरेच दिवस चाललेलं असतं आणि आपलं लक्ष जातं ते कानाची पाळी टम्म फुगल्यावर.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे हिमॅटोमा. कानात खाज असते, मांजर मागच्या पायाने खाजवतं, डोकं जोरजोरात झटकतं, त्यात पाळीतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि कातडी आणि कुर्चा (कानातलं लवचिक हाड) यांच्यामध्ये रक्त साठतं. पाळीची आतली बाजू पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागते आणि कान जड होऊन लोंबतो. दुसरा प्रकार गळवाचा, म्हणजे मारामारीत दुसऱ्या मांजराचा दात लागतो, वरचं भोक एक-दोन दिवसात बुजतं आणि आत पू होतो. हा कान गरम लागतो, हात लावू देत नाही, ताप येतो, खाणं सुटतं. बोका बाहेर फिरणारा असेल तर केस बाजूला करून बारीक खपली शोधा. तिसरा प्रकार कीटक चावल्याचा किंवा अ‍ॅलर्जीचा, यात सूज अचानक येते. सुजेबरोबर तोंडही सुजलं किंवा श्वास जड झाला तर हा लेख बंद करा आणि दवाखाना गाठा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक नंबर एक, घरी सुई टोचून रक्त काढणं.

कुठलातरी व्हिडिओ बघतात, सुई ज्योतीवर धरतात आणि झालं म्हणे निर्जंतुक! ओळखीतल्या एका ताईंच्या बोक्याचं हेच झालं. कान फुगला, त्यांनी टोचला, रक्त निघालं, कान सपाट. खूष झाल्या, मला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी कान परत तेवढाच. परत टोचला, परत भरला. हे भरणारच, कारण आतली पोकळी तशीच राहते आणि खाजही तशीच, मग बोका डोकं झटकतच राहतो. मी फोनवर सांगून थकले की ताई आता बास करा, डॉक्टरांकडे न्या, तर म्हणे "आता कमी होतंय." शेवटी टोचलेल्या जागेतून इन्फेक्शन आत गेलं, कानाला वास यायला लागला, बोका खाईना, तेव्हा नेलं. डॉक्टरांनी भूल देऊन चीर दिली, साफ केलं, कातडी आणि कुर्चा परत चिकटावेत म्हणून पाळीभर टाके घातले आणि मग कानात बघितलं तर आत माइट्स, म्हणजे कानातले बारीक किडे! दोन्ही कान भरलेले. सुरुवातीलाच कोणी कानात टॉर्च मारून बघितलं असतं तर इथपर्यंत आलंच नसतं. बोका वाचला, पण कान आक्रसून सुरकुतलाय तो आता तसाच राहणार.

डॉक्टरसुद्धा कधीकधी सुईने द्रव काढतात, सोबत स्टेरॉइड देतात, पण ते निर्जंतुक सुईने आणि आतलं कारण बघून. आणि तरी परत भरू शकतो हे ते आधीच सांगतात. टाके घालून केलेलं ऑपरेशन जास्त टिकतं.

आणि ते टाके असताना गळ्यातली शंकूसारखी कॉलर काढू नका हो! मांजर उलटं चालतं, भिंतीला धडकतं, आपल्याला कसंतरी होतं हे मलाही कळतं, पण "फक्त रात्री काढली" म्हणणाऱ्यांच्याच मांजराचे टाके रात्रीत उसवतात. टाके साधारण दोन-तीन आठवडे असतात. तेवढे दिवस खोलगट वाटीऐवजी पसरट ताटलीत खायला द्या, म्हणजे कॉलर अडत नाही. शिवाय मी मागच्या पायांची नखं लगेच कापते, खरी इजा त्या नखांनीच होते.

चूक नंबर दोन, माइट्सचं औषध मध्येच सोडणं. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट कोरडा मळ दिसला तर माइट्सची शक्यता मोठी, विशेषतः पिल्लांमध्ये. पण नुसत्या रंगावरून ठरवू नका, यीस्टमुळेही (एक प्रकारच्या बुरशीमुळे) काळपट मळ येतो, त्यामुळे मळाचा नमुना मायक्रोस्कोपखाली बघून घ्या. माइट्सचं अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा होण्याचं चक्र सुमारे तीन आठवड्यांचं असतं. लोक चार दिवस ड्रॉप्स घालतात, खाज कमी झाली की बाटली कपाटात, मग उरलेल्या अंड्यांतून नवीन किडे निघतात आणि महिन्याने मला विचारतात की औषध बोगस होतं का. औषध बरोबर होतं, तुम्हाला धीर नव्हता! हल्ली मानेवर टाकायचे सेलामेक्टिन वगैरेचे थेंब मिळतात, ते सोपे पडतात, पण वजनाप्रमाणेच आणि डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्यांनाही एकाच वेळी उपचार करा, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे हे चालूच राहतं. मी कॅलेंडरवर पुढची तारीख लिहूनच बाटली उघडते.

आता औषधांबद्दल, आणि हे जिवावरचं आहे म्हणून स्पष्ट लिहिते. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विषारी आहे, अंग थरथरतं, झटके येतात. चुकून लागलं तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवा आणि लगेच दवाखान्यात पळा. "अर्धीच देते, दुखणं कमी होईल" म्हणून पॅरासिटामॉल अजिबात नाही. मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन तर नाहीच, आणि टी ट्री ऑइल नैसर्गिक आहे म्हणून कानात ओतू नका, तेही विषारीच.

इअर बडने साफ करणं बंद करा. मांजराची कानाची नळी आत गेल्यावर वळते, बडने मळ अजून आत ढकलला जातो.

मागच्या वेळचे उरलेले ड्रॉप्स घालू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, म्हणून आधी पडदा तपासून घ्यायचा. डॉक्टरांनी ड्रॉप्स दिलेच तर मी बाटली मुठीत धरून जरा कोमट करते, घातल्यावर कानाचं मूळ हलक्या हाताने चोळते, मग मांजराला डोकं झटकू देते आणि बाहेर आलेलं कापसाने टिपते, बस.

गळू दाबून फोडू नका, पू आत पसरतो.

पांढऱ्या मांजराच्या कानाच्या कडेला खपल्या येऊन जातच नसतील तर त्याला जुनी जखम समजून मलम चोळत बसू नका. उन्हामुळे तिथे कॅन्सर होऊ शकतो, लवकर दाखवलं तर उपचार जमतात.

डोकं एका बाजूला कललंय, तोल जातोय, डोळे आपोआप हलतायत, तर दुखणं मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत गेलेलं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. तरुण मांजराला एकाच कानाचा त्रास परत परत होत असेल तर पॉलिप, म्हणजे आत वाढलेली मांसल गाठ, आहे का ते विचारा, तो काढल्याशिवाय ड्रॉप्सचा काही उपयोग होत नाही. आणि जाताना रोज एकाच उजेडात काढलेले दोन्ही कानांचे फोटो घेऊन जा, सूज कधी आणि कशी वाढली हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतं.