प्रवेशाची फी भरण्याआधी शाळेचा यू-डायस क्रमांक मागा

नव्या वस्तीतल्या शाळेच्या फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलेलं असतं. पॅटर्न म्हणजे संलग्नता, म्हणजे बोर्डाची अधिकृत मान्यता, नव्हे! हा घोळ बरेचदा नववीत, बोर्डाच्या नोंदणीच्या वेळी उघड होतो, आणि तेव्हा मुलाला शाळा बदलावी लागते.

पाच मिनिटांत खात्री करता येते:

१. कार्यालयात शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, विचारा. महाराष्ट्रातल्या शाळेचा क्रमांक २७ ने सुरू होतो. द्यायला टाळाटाळ झाली, तर मी तिथेच थांबेन.

२. यू-डायस प्लस या सरकारी संकेतस्थळाच्या 'नो युवर स्कूल' पानावर तो टाका. शाळेचं माध्यम, कितवीपर्यंतचे वर्ग आहेत, पटसंख्या आणि शिक्षक किती, हे दिसतं. पटाला शिक्षकांच्या संख्येने भागा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा.

३. शाळा सीबीएसईची म्हणवत असेल, तर बोर्डाच्या 'सारस' संकेतस्थळावर संलग्नता आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे ते बघा.

एक लक्षात ठेवा, यू-डायसची माहिती शाळाच भरते आणि ती मागच्या वर्षाची असू शकते. म्हणून एकदा शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभे राहा, तिथल्या आयांशी बोला. मुलांच्या वह्या बघायला मिळाल्या तर फारच उत्तम: तपासलेल्या आहेत का, चुकीपुढे नुसती फुली आहे की दुरुस्तीही करून घेतली आहे? शिकवणी निवडतानाही मी आधी वहीच बघते.