७०७५ आणि २०२४ अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंचा पत्रा बेंडला तडकतोय? या चुका टाळा

बेंडच्या बाहेरच्या कडेवर आधी संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो, मग नखाला अडकेल अशी बारीक चीर. लगेच प्रेस ब्रेककडे, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनकडे, बोट दाखवलं जातं. डायची त्रिज्या लहान असेल किंवा बेंडची रेषा रोलिंगच्या दिशेला समांतर असेल तर तसंही होतं, ते आधी तपासाच. पण माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: पत्रा भट्टीतून कधी काढला?

सोल्युशन ट्रीटमेंट करून, म्हणजे मिश्रणातले घटक धातूत विरघळतील इतका भट्टीत तापवून, पाण्यात बुडवलेला पत्रा थोडाच वेळ मऊ राहतो. २०२४ तर खोलीच्या तापमानातच तासाभरात कडक होऊ लागतो. जेवणाच्या सुट्टीनंतर हातात घ्याल तो पत्रा दिसायला तोच, पण वाकायला तयार नसतो. लगेच वाकवणं जमणार नसेल तर उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्याची वेळ पत्र्यावरच लिहा.

भट्टीच्या डायलवर विसंबू नका, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जॉबला लावा. २०२४ साठी ४९३ अंश ठरलेले आहेत आणि जेमतेम दहा अंश वर गेलं की कणांच्या सीमा वितळू लागतात. तो माल कशानेही सुधारत नाही, सरळ भंगारात टाका.

दार उघडल्यापासून पाण्यात जाईपर्यंतचे सेकंद मोजा, पातळ पत्र्याला दहाच्या आत. ४०० ते २९० अंशांच्या पट्ट्यात धातू रेंगाळला की ताकद घटते आणि पुढे गंज कणांच्या सीमांमधून आत शिरतो. पत्रा वाकडा होऊ नये म्हणून कोमट पाणी वापरायचा मोह होतो. तो आवरा. वाकडेपणा मऊ असतानाच सरळ करता येतो, गेलेली ताकद मात्र नव्याने सोल्युशन ट्रीटमेंट केल्याशिवाय येत नाही.

७०७५ ला टी६ साठी, म्हणजे एजिंग करून (मंद उष्णतेत ठेवून) आणलेल्या पूर्ण कडक स्थितीसाठी, १२० अंशांवर २४ तास लागतात. घाईने तापमान वाढवलं तर एजिंग जास्त होऊन कडकपणा उतरतो. कडकपणा कमी आला की पत्रा पुन्हा भट्टीत ढकलू नका, कारण कमी एजिंग आणि जास्त एजिंग दोन्हींत आकडा सारखाच दिसू शकतो. एडी करंट मीटरने (पत्रा न कापता वाहकता दाखवणाऱ्या उपकरणाने) विद्युतवाहकता मोजा: एजिंग जास्त झालं असेल तर ती टी६ पेक्षा वर दिसते.

आणि तयार टी६ पत्रा वाकत नाही म्हणून त्याला गॅसची ज्योत कधीच लावू नका.