चहा-कॉफीचा चोथा कुंडीत टाकताय? या चुका टाळा

गुलाबाला चोथा घाला, फुलंच फुलं येतील असं सगळेच सांगतात पण कसा घालायचा ते कोणी नीट सांगत नाही, मग कुंडीत मुंग्या, बुरशी, चिलटं असं सगळं सुरू होतं.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाळणीतला चोथा तसाच कुंडीत उपडा करणं. आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला, त्यामुळे साखरेला मुंग्या येतात आणि दुधाला वास सुटतो. चोथा दोन-तीन पाण्यातून धुवा, पाणी जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत, मग पेपरवर पसरून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात तो वाळतच नाही, तेव्हा सरळ कंपोस्टच्या डब्यात टाका.

फिल्टर कॉफीच्या चोथ्यात दूध-साखर नसते म्हणून धुवायची गरज नाही, पण तो फार बारीक असतो. जाड थर दिला की वाळून पापडासारखा कडक होतो, वरून घातलेलं पाणी कडेकडेने वाहून खालच्या भोकातून लगेच बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं. बोट घालून बघा, आत माती कोरडी लागेल. असं झालं असेल तर खुरप्याने थर फोडून काढून घ्या आणि परत घालताना अगदी पातळ घालून वर सुका पाला टाका.

कॉफीने माती आम्लधर्मी होते म्हणून जास्वंद-मोगऱ्याला भरपूर घालतात, पण आम्ल बरंचसं आपल्या कपात उतरलेलं असतं, चोथा जवळजवळ न्यूट्रल असतो. त्यात नायट्रोजन साधारण 2 टक्के, तोही लगेच मिळत नाही, उलट कच्चा चोथा कुजताना जिवाणू मातीतलाच नायट्रोजन वापरतात. चोथा घातल्यावर पानं पिवळी पडायला लागली तर तो बंद करा आणि थोडं गांडूळखत द्या.

मेथी-कोथिंबीर पेरलेल्या कुंडीत तर अजिबात नको, कॅफिनमुळे बी नीट उगवत नाही.

खरं सांगायचं तर कंपोस्ट करूनच वापरणं बेस्ट. डब्यात चोथा एकूण मालाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको, बाकी सुका पाला, भाजीची देठं वगैरे. टीबॅग असेल तर फाडून फक्त पत्ती घ्या, बऱ्याच पिशव्यांमध्ये प्लास्टिक असतं. घरात कुत्रा असेल तर डब्याला घट्ट झाकण हवंच, कॅफिन त्याच्यासाठी विषारी आहे. आणि डब्यात पांढरी बुरशी दिसली तर घाबरून फेकू नका, ती चोथा कुजवायचंच काम करतेय, फक्त एकदा खालीवर हलवून घ्या.