कळसूबाई चढण्याआधीच जेवण सांगून ठेवा

अकोले तालुक्यात एका दिवसात कळसूबाई आणि भंडारदरा उरकायचं ठरवलं, की वेळ खातं ते दुपारचं जेवण. शिखर उतरून पायथ्याच्या बारी गावात दोनला पोचायचं, मग पिठलं-भाकरी सांगायची, मग चूल पेटणार. आमचा पहिल्या खेपेला दीड तास असाच गेला आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर अंधारात चाचपडत पाहिलं.

आता असं करतो:

१. रोख घोटीतच काढून घ्यायची. पुढे एटीएम आणि रेंज, दोन्ही बेभरवशाचं.

२. सकाळी बारीत चहा घेतो त्याच घरी जेवण सांगायचं. माणसं किती, भाकरी तांदळाची की नाचणीची, ठेचा हवा का, सगळं तेव्हाच. थोडी उचल द्यायची आणि मावशींचा नंबर घ्यायचा.

३. शिखरावर (१६४६ मीटर) रेंज मिळाली तर तिथूनच फोन: "मावशी, आता उतरतोय." उतरायला दोन तास तरी धरा. खाली पोचलात की तव्यावरून थेट ताटात.

माणसं कमी झाली तर तेही याच फोनवर सांगा. रांधलेलं वाया गेलं की त्यांचाच तोटा.

वाचलेल्या वेळात रतनवाडी उजेडी होते. परतीला राजूरवरून जात असाल तर पेढे घ्या.

एक मात्र सांभाळा: पावसाळ्यात लोखंडी शिड्या निसरड्या होतात, रविवारी वर गर्दीही असते. भाकरी गार होतेय म्हणून शिडीवर घाई नको.