अ‍ॅजाइल कोचचं काम करताय? या चुका टाळा

अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, सतत सुधारत बनवण्याची पद्धत; स्क्रम हा तिचाच एक प्रकार आणि टीमला ती अंगवळणी पाडतो तो कोच. नाशिकच्या बऱ्याच लहान-मध्यम आयटी कंपन्यांत स्क्रम मास्टर, प्रोजेक्ट मॅनेजर आणि अ‍ॅजाइल कोच ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. तिथूनच घोळ सुरू होतो. कधी शिकवायचं, कधी अनुभवाचे बोल सांगायचे, कधी नुसते प्रश्न विचारायचे आणि कधी फक्त चर्चा मार्गी लावायची, हे ओळखणं हेच कोचचं खरं कौशल्य. नव्या टीमला स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर “तुम्हाला काय वाटतं?” विचारून तिला ताटकळत ठेवू नका. सरळ शिकवा. मुरलेल्या टीमला मात्र आयती उत्तरं दिलीत, तर ती डोकं चालवणं सोडून देते.

स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, प्रत्येक जण तुमच्याकडे बघून हजेरी दिल्यासारखं बोलतोय? मग तुम्ही नकळत साहेब झालात. ही १५ मिनिटं डेव्हलपरांची आहेत. मागे सरका, कामांचा बोर्ड पुढे करा, आणि पूर्ण व्हायच्या सर्वांत जवळ असलेल्या कामापासून बोलणं सुरू करू द्या. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन ठरीव प्रश्न स्क्रम गाइड या अधिकृत मार्गदर्शिकेच्या २०२०च्या आवृत्तीत नाहीत. त्यांना चिकटून राहायचं कारण नाही.

रेट्रोत, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी काय सुधारायचं ते ठरवणाऱ्या बैठकीत, “सगळं ठीक आहे सर” एवढंच ऐकू येत असेल, तर खोलीत कोण बसलंय ते आधी पाहा. ज्यांच्या हातात पगारवाढ आहे, त्यांच्यासमोर कोण तोंड उघडणार? त्यांच्याशी आधीच बोला आणि पहिल्या काही रेट्रोंना न येण्याची विनंती करा. हे बोलणं अवघड असतं, पण ते कोचनेच करायचं असतं. मग सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यांना गुपचूप चिठ्ठ्यांवर लिहू द्या. शेवटी एकच सुधारणा निवडा आणि कोणाच्या तरी नावावर ती पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये (कामांच्या यादीत) टाका.

दोन टीमच्या व्हेलॉसिटीची, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती स्टोरी पॉइंटचं काम झालं त्याची, तुलना तर अजिबात नको. स्टोरी पॉइंट म्हणजे काम किती मोठं आहे याचा टीमने बांधलेला अंदाज; ते ज्या त्या टीमचे असतात. तुलना सुरू झाली की आकडे फुगतात, काम तेवढंच राहतं.

सपोर्ट टीमवर स्प्रिंट लादणं ही आणखी एक नेहमीची चूक. रोज क्लायंटचे फोन येतात आणि सोमवारी केलेलं नियोजन बुधवारी कोलमडतं. तिथे कानबान (ठरावीक टप्पे न पाडता कामं एकेक करून पुढे सरकवायची पद्धत) वापरा, एका वेळी हातात किती कामं घ्यायची त्याची मर्यादा ठरवा. टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली ही पद्धत समजून घ्यायला आपल्याकडे लांब जावं लागत नाही. सातपूर-अंबडच्या एखाद्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघणाऱ्याला विचारा, मागणीचं कार्ड आल्याशिवाय माल का बनवायचा नाही ते तो नीट सांगेल.

आणि दर स्प्रिंटला काम टेस्टिंगपाशीच तुंबत असेल, तर आणखी मीटिंगा लावू नका. तिथे ऑटोमेटेड टेस्ट (आपोआप चालणाऱ्या चाचण्या) हव्यात. तुम्हाला कोड येत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा आणि एखाद्या अनुभवी डेव्हलपरला टीमसोबत बसवा.