आंब्याच्या खोलीत इथिलीन वाढवण्याआधी कार्बन डायऑक्साइड मोजा

अक्षय्य तृतीया जवळ आली की मुंबईत हापूसची मागणी एकदम चढते. वाशीच्या गाळ्यांबरोबर दादर-बोरिवलीत थेट विक्री करणारे बागायतदारही भाड्याच्या खोलीत माल पिकवायला घेतात. अढी लावायला वेळ नसतो, म्हणून इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू. त्याला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) परवानगी आहे. कार्बाइडला बंदी आहे, तिकडे वळूच नका.

माल एकसारखा पिकला नाही की बहुतेक जण इथिलीनच वाढवतात. दोष पुष्कळदा दुसरीकडे असतो. पिकणारे फळ कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि बंद खोलीत तो १ टक्क्यावर गेला की इथिलीनचा परिणाम दबतो. या वायूला ना रंग ना वास, त्यामुळे मीटरशिवाय इलाज नाही.

मीटर ‘एनडीआयआर’ प्रकारचाच घ्या. त्यातल्या छोट्या नळीच्या एका टोकाला अवरक्त दिवा आणि दुसऱ्या टोकाला संवेदक असतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. वायू जितका जास्त, तितका प्रकाश कमी पोचतो, आणि त्यावरून आकडा निघतो. स्वस्तातले ‘ईसीओटू’ मीटर मात्र हवेतल्या वासाच्या वाफांवरून नुसता अंदाज बांधतात. हापूसच्या खोलीत वासाला काय तोटा, आकडा भलताच येणार. मोजण्याची कक्षाही बघा: घरगुती मीटर बऱ्याचदा ५,००० पीपीएमला थांबतात, आणि आपल्याला १ टक्का म्हणजे १०,००० च्या पुढचे दिसायला हवे. ५ टक्क्यांपर्यंत मोजणारा घ्या.

बऱ्याच मीटरमध्ये आपोआप शून्य जुळवण्याची सोय असते. काही दिवसांतला सर्वात कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, असे तो धरून चालतो. सतत भरलेल्या खोलीत हे साफ चुकते, म्हणून ती सोय बंद करा. त्याऐवजी गच्चीवर मोकळ्या हवेत नेऊन सुमारे ४२० पीपीएमवर लावून घ्या. ट्रक चालू असलेल्या गेटपाशी नको. खोली २०-२२ अंशांवर असते आणि बाहेर एप्रिलचा दमटपणा. थंड मीटर तसाच बाहेर आणला तर आत दव धरून प्रकाश अडतो. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणा, कोमट झाला की उघडा.

खोलीत तो क्रेटच्या उंचीवर, दार आणि पंख्यापासून दूर टांगा. तोंडाजवळ धरून वाचू नका, आपल्या उच्छ्वासातच सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो.

आकडा ८,००० ला पोचला की दार उघडून पंखा लावा, २,००० च्या खाली येऊ द्या. इथिलीनही निघून जाते, तेव्हा दार लावल्यावर मात्रा पुन्हा सोडा. ३० घनमीटर खोलीला १०० पीपीएम म्हणजे ३ लिटर वायू. इथिलीनही १०.५ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, पण इतके कमी प्रमाण नेमके मोजायला लागणारी लेसर यंत्रे प्रयोगशाळेतली. खोलीसाठी हिशेब करून सोडणेच परवडते.

५,००० च्या वर आकडा असताना आत फार वेळ काम नको. ३०,००० दिसले तर आत पाऊलच टाकू नका. हवेत २.७ टक्के इथिलीन झाले की ठिणगीने भडका उडू शकतो. पहिल्या पेटीची पूजा, उदबत्ती, बिडी, सगळे खोलीबाहेर. सिलिंडरही बाहेरच ठेवा.