परदेशात आश्रयार्थींमध्ये सेवा करताना: तारखा, पत्रं आणि बाप्तिस्मा

आधी एक फरक पक्का करा. ज्याच्या अर्जाचा निकाल लागायचा आहे तो आश्रयार्थी. ज्याला संरक्षण मिळालं तो निर्वासित. १९५१ च्या निर्वासित कराराच्या ३३ व्या कलमाप्रमाणे जिथे जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला परत धाडता येत नाही. पण तो धोका अर्जाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याला पटवून द्यावा लागतो, आणि बऱ्याच जणांकडे पुरावा म्हणून स्वतःच्या शब्दांखेरीज फारसं काही नसतं. म्हणून मंडळीने (चर्चने) प्रत्येक कामाआधी विचारावं: यामुळे या माणसाचं म्हणणं बिघडणार तर नाही?

पहिल्या भेटीत ‘का पळून आलात?’ विचारूच नका. नाव कसं उच्चारायचं, भाषा कोणती, सोबत कोण आहे, आज झोपायची सोय आहे का, एवढं पुरे. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असेल तर आधी परवानगी घ्या. छळ सोसलेल्या माणसाला अचानक झालेला स्पर्शही हादरवतो.

दुभाषी निवडताना देश विचारून भागत नाही. अफगाण माणूस दरी बोलतो, पश्तो, की आणखी काही? त्याच भागातला दुभाषी चालेल का, हेही त्यालाच एकांतात विचारा. तो विरोधी गटाचा निघाला तर माणूस तोंड उघडणार नाही. लेकरांना दुभाषी करू नका, आईवर काय गुदरलं ते लेकराच्या तोंडून वदवणं क्रूरपणा आहे. उपासनेत दोन छोटी वाक्यं बोलून थांबा आणि शास्त्रपाठ आदल्या दिवशी दुभाष्याला कळवा, म्हणजे वचन तो आपल्या भाषेतल्या बायबलमधून वाचेल.

सगळ्यात जास्त घोळ तारखांत होतो. इराण-अफगाणिस्तानच्या सौर हिजरी वर्षात ६२१ मिळवले की इसवी सन येतो, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं, कारण ते वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. १५ सौर (हे अफगाण वर्षाच्या दुसऱ्या महिन्याचं नाव) १४०२ म्हणजे ५ मे २०२३. पण २० दल्व (अकरावा महिना) १४०२ म्हणजे ९ फेब्रुवारी २०२४, तिथे ६२२ मिळवावे लागतात. चुकीने ६२१ मिळवले तर त्याने सांगितलेली अटकेची तारीख एक वर्ष मागे जाते आणि अधिकाऱ्याला माणूस खोटा वाटतो. इथिओपियाचं वर्षही सात-आठ वर्षांनी मागे असतं. अर्ज भरायला बसलात तर मूळ तारीख तशीच लिहून घ्या, बदललेली तारीख शेजारी लिहा आणि दोन्ही वकिलाला दाखवा.

कायद्याचा सल्ला मात्र देऊ नका. ब्रिटनमध्ये पात्रता वा नोंदणी नसताना असा सल्ला देणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. तुमचं काम वकिलापर्यंत पोहोचवण्याचं. नकाराचं पत्र आलं की पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा, पाकिटासकट सगळ्या पानांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी वकिलाकडे पाठवा. अपिलाची मुदत बहुधा दिवसांत मोजतात. ‘रविवारी उपासनेनंतर बघू’ म्हटल्याने ती हुकते.

अन्न, कपडे, बसभाडं देताना उपासनेला येण्याची अट नको, आडूनही नको. वाटप आणि बायबल अभ्यास वेगवेगळ्या वेळी ठेवा. उपकाराखाली दबलेला माणूस ‘हो’ म्हणतो. ते ‘हो’ विश्वासाचं आहे की भिडेचं, हे मग कुणालाच कळत नाही.

बाप्तिस्म्याची घाई तर अजिबात नको. धर्मांतरामुळे मायदेशी धोका आहे, असं काहींच्या अर्जात असतं. तरी मुलाखत महिन्यावर आली म्हणून बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग उरकू नका, आणि अर्ज चालू आहे म्हणून कुणाला अडवूनही ठेवू नका. मंडळीत इतरांना जेवढी तयारी लागते तेवढीच इथे. पहिल्या दिवसापासून हजेरी लिहा. अधिकाऱ्यासाठी पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) पत्र दिलं तर त्यात स्वतः पाहिलेलंच असावं: कधीपासून येतो, किती वर्ग केले, कोणती सेवा करतो. ‘याचा विश्वास शंभर टक्के खरा आहे’ असं लिहू नये. अंतःकरण देव पाहतो, पाळक वागणूक पाहतो. पाठ करून घेतलेली प्रश्नोत्तरंही नकोत, दहा जणांची उत्तरं शब्दशः सारखी आली की दहाही अडचणीत येतात.

बाप्तिस्म्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. मायदेशी धर्मांतराला शिक्षा असेल तर तिथले आईवडील, भावंडं त्या फोटोची किंमत मोजतात. थेट प्रक्षेपण होत असेल तर कॅमेरा बसलेल्यांकडे वळणार नाही असा लावा.

आश्रयार्थीला एका दिवसाच्या सूचनेवरही दुसऱ्या शहरात हलवतात. त्याआधीच फोन नंबर घेऊन ठेवा, हजेरीची आणि पत्रांची प्रत त्याच्या हातात द्या, आणि नव्या गावातल्या पाळकाला त्याच्या संमतीने फोन करा: अमुक गाडीने येतोय, भाषा ही, स्टेशनवर कुणीतरी थांबा.